हळद न लागलेली भिंत

खुशालच्या नावापुढं 'राव' लागला तो कापूस चढल्यावर. त्याआधी सगळी बार्शीटाकळी त्याला खुशाल्या म्हणे, आणि दुर्गाबाई माळीण तर अजूनही, समोर कोणी असो नसो, खुशाल्याच म्हणायची. लहानपणी तिच्या भाजीच्या वाडीतली काकडी चोरताना तिनं त्याला झिपऱ्या धरून बाहेर ओढला होता. ज्याच्या झिपऱ्या आपण धरल्या त्याला राव म्हणायला आपली जीभ वळत नाही, असं ती चारचौघांत सांगे आणि वर हसेही.

लढाई जुंपली होती सातासमुद्रापार अमेरिकेत, आणि डोकी फिरली होती वऱ्हाडात. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, म्हणून इकडचा कापूस सोन्याच्या मोलानं जाऊ लागला. मग काय विचारता! ज्यांच्या अंगावर धड धोतर नव्हतं त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. खुशालरावानं अकोल्याहून एक छत्री आणली आणि ती भर हिवाळ्यात, आभाळ स्वच्छ असताना उघडून तो शेतात जाऊ लागला. मग एक भिंतीवरचं घड्याळ आणलं. ते वाचता घरात कोणालाच येत नव्हतं. खुशालराव आधी अंगणात येऊन सूर्य कुठं आलाय ते बघायचा, मग आत जाऊन काटे बोटानं सरकवून बरोबर तिथं आणून ठेवायचा, आणि आलेल्या-गेलेल्याला म्हणायचा, पाहा, काय तंतोतंत चालतं!

दुर्गाबाईला या सगळ्याचा मनस्वी तिटकारा होता. गावातल्या माळ्यांनीसुद्धा वांगी-मिरच्या उपटून सरकी पेरली तेव्हा तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. आपल्या वाडीत तिनं कापसाचं एक झाड उगवू दिलं नाही. पोराला, सूर्यभानला, तेवढं ती आवरू शकली नाही. तो कापसाच्या गाड्या हाकायला अकोल्याच्या वाटेवर गेला आणि घरी पाहुण्यासारखा येऊ लागला. नवरा तर केव्हाच गेला होता. राहिल्या दोघी, ती आणि सून शकुन. गावात भाजी पिकवणारी तीच एक उरल्यामुळं तिची टोपली बाजारात पोचण्याआधीच रिकामी होई. पण घेणाऱ्याला चार शब्द ऐकवल्याशिवाय ती वांगं हातात देत नसे.

"घ्या, घ्या," ती म्हणायची. "घरी एवढा कापूस पडला हाये, थो काहून नाई शिजवत?"

हा ताठा तिला परवडत होता तो विहिरीच्या जिवावर. सासऱ्यानं खणलेली ती विहीर वैशाखातसुद्धा आटत नसे. पाऊस संपला की आख्ख्या गावाची शेतं आभाळाकडे तोंड करून बसायची, आणि दुर्गाबाईची मोट तेवढी कुरकुरत चालू असायची. विहीर होती म्हणून वाडी होती, वाडी होती म्हणून तिला कोणाच्या दारात जावं लागत नव्हतं. फक्त ती विहीर होती अगदी हद्दीला. तिच्या काठापासून दोन हातांवर खुशालरावाचं कापसाचं अंगण सुरू होई, आणि मध्ये बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं.

ते कुंपण खुशालरावाला एकाएकी लाज आणू लागलं. अकोल्यात कुठल्याशा व्यापाऱ्याच्या वखारीभोवती त्यानं उंच दगडी भिंत पाहिली होती. भाव आणखी चढेपर्यंत कापूस साठवायचा तर भिंत हवी, असं तो लोकांना सांगे. खरं कारण एवढंच होतं की व्यापाऱ्याला आहे आणि आपल्याला नाही. चैत्रात सहदेव वडार आपली माणसं, गाढवं आणि घण घेऊन आला, टेकडीचा काळा दगड फुटू लागला आणि भिंतीचं काम सुरू झालं.

चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड रचायचा, अशी ही भिंत असते. तिला दोन तोंडं, एक या घराकडं आणि एक त्या घराकडं, आणि मधल्या पोटात चिपा, म्हणजे दगडाचे बारके तुकडे, आणि भर. ही दोन तोंडं एकमेकांना धरून राहावीत म्हणून थोड्या थोड्या अंतरानं एक लांब दगड आरपार घालतात, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. कुणबी त्याला नुसतं 'आडवा' म्हणत. वडार त्याला 'सोयरा' म्हणत, कारण त्याचं एक टोक या घरात आणि दुसरं त्या घरात.

हद्दीवरच्या भिंतीत सोयरा घालायचा तर त्याची एक रीत होती. दगडाचं डोकं शेजाऱ्याच्या बाजूला चार बोटं बाहेर राहायचं. म्हणून भिंतीच्या मालकानं स्वतः नारळ घेऊन शेजाऱ्याच्या दारात जायचं, आणि त्या घरच्या बाईनं, मग ती सवाष्ण असो की विधवा, येऊन दगडाच्या डोक्याला हळदकुंकू लावायचं. हळद लागली की भिंत दोघांची. मग शेजाऱ्यानं तिच्यावर वेल चढवावा, छपराचं लाकूड टेकवावं, आणि पडझड झाली तर दोघांनी मिळून उचलावी. हळदीशिवाय कुठलाही वडार सोयरा घालत नसे. दुसऱ्याच्या जागेत न विचारता दगडाचं डोकं काढलं म्हणून सहदेवाच्या बापानं एकदा दोन्ही घरांचा मार खाल्ला होता.

पहिला सोयरा घालायची वेळ आली तेव्हा खुशालरावानं काय करावं? त्यानं आपल्या म्हाताऱ्या गड्याला, नत्थुजीला, पाठवलं. नारळ नाही, काही नाही. नत्थुजी वाडीच्या फाटकाशी उभा राहून खाली बघत बोलला.

"बाई, मालकानं बलावलं हाये. येऊन हळद लावून जा म्हने."

दुर्गाबाई मिरच्या तोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"कोन मालक?"

"खुशालराव."

"हो का? बरं झालं सांगतलं. मले वाटलं कोनी नवा राजा आला. त्याले सांगजो नत्थुजी, हळद माह्या घरात हाये, अन् माह्या घराले दार हाये. पाय दुखत असन त छत्री टेकत टेकत ये म्हना."

नत्थुजीनं निरोप जसाच्या तसा दिला, कारण त्यालाही मालकाची ती छत्री आवडत नव्हती. खुशालरावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अकोल्याचे दलाल ज्याला गादीवर बसवून पान देतात, त्यानं एका माळणीच्या उंबऱ्याशी नारळ घेऊन उभं राहायचं? सगळ्या वडारांसमोर त्यानं भिंतीवर हात आपटला.

"सहदेवा, मले कोनाचा सोयराच नाई पायजे! भिंत माही एकट्याची. त्या बाजूले एक दगड बोटभर बाहेर दिसला नाई पायजे."

"मालक, सोयऱ्याबिगर भिंत उभी राहीन, पन टिकाची नाई," सहदेव म्हणाला. "पोट काढीन. काळी माती हाये खाली, पानी पेली का फुगते."

"पोट काढते त चिपा भर. गच्च भर. दगडाले काही कमी हाये का माह्याकडे?"

ज्याच्याकडे दगड पुष्कळ आहेत त्याला भिंत कशी बांधावी हेही कळतं, अशी त्या दिवसांत खुशालरावाची समजूत होती. तशीच ती कापसाच्या आणि राज्यकारभाराच्या बाबतीतही होती. सहदेव कामाला लागला, पण दुपारी माणसं भाकरी खायला बसली तेव्हा तो वळसा घालून वाडीत आला आणि विहिरीच्या काठावर टेकला.

"माय, तू शहानी हायेस," तो म्हणाला. "थो तिकडं अडून बसला, तू इकडं. भिंत जाईन त त्याचे दगड जातीन. पन कोनीकडे जातीन थे पाह्य. ही विहीर कोठी हाये थे पाह्य."

"पाह्यलं. रोज पाह्यतो."

"मंग चाल ना माय. जराशी हळद लाव. तो आला काय, नाई आला काय. मी सोयरे घालून देतो."

"काहून? रीत काय मी काढली? थो का पांगळा हाये?" दुर्गाबाईनं हातातली काटक्यांची मोळी खाली टाकली. "त्याच्या बापानं गोठ्याची भिंत घातली तवा माह्या सासऱ्याच्या दारी आला होता, अन् चप्पल फाटकाबाहेर काढून आला होता. याले चार गाड्या कापूस काय झाला, दार दिसेनासं झालं. येईन. भिंतीनं पोट काढलं का नाक मुठीत धरून येईन. मले घाई नाई."

शकुन पलीकडे वाफ्यात पाणी वळवत होती. ती पदर खोचून पुढं आली.

"आत्याबाई, मी लावून येऊ का? घरची बाई मीबी हावो."

"मी जिती हावो तवर नाई," दुर्गाबाई म्हणाली. विषय तिथंच संपला.

आता यात रीतीनं पाहिलं तर दुर्गाबाईचं काहीच चुकत नव्हतं. यायचं होतं खुशालरावानं. नारळ आणायचा होता खुशालरावानं. आपण बरोबर आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि बरोबर असण्याचं सुख तिला वांग्याच्या चांगल्या पिकाहूनही गोड लागत होतं. सहदेव उठला आणि कपाळावर हात मारून कामाला गेला.

भिंत झाली. माणसानं डोक्यावर हात उंचावला तरी वर उरेल अशी झाली. बाहेरून पाहिली तर नजर ठरेना. पैसे मोजून घेतल्याबरोबर सहदेव आपल्या माणसांसकट आगगाडीच्या रस्त्याच्या कामावर निघून गेला. तिथं मजुरी अशी मिळत होती की वऱ्हाडात घण धरणारा हात शिल्लक राहिला नव्हता. खुशालराव येईल त्या पाहुण्याला भिंतीपाशी नेऊन तिच्यावर थापट्या मारून दाखवू लागला, आणि पाहुणे कापसाच्या भावाकडं लक्ष ठेवून वाहवा करू लागले.

आषाढात झड लागली. काळी माती पाणी पिऊन फुगली, आणि पंधरवड्यात दुर्गाबाईच्या बाजूनं भिंतीनं पोट काढलं. आधी ते तिरप्या उजेडातच दिसे, मग भर दुपारीही दिसू लागलं. मधल्या गच्च भरलेल्या चिपा खाली बसत होत्या आणि दोन्ही तोंडं बाहेर रेटत होत्या. एका तोंडाला दुसऱ्याचा हात धरायला काही नव्हतं. त्यातून अंगणाच्या बाजूला भिंतीला लागून कापसाची रिकामी गाडी उलटी टेकवलेली. म्हणजे भिंत जायची तर ती विहिरीच्याच बाजूला जाणार होती.

दुर्गाबाईला दुसऱ्या कशात एवढी गोडी वाटेना. सकाळी उठली की ती आधी भिंतीकडे जाई, पोट किती वाढलं ते कमरेवर हात ठेवून बघे, आणि मग भाजी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला बातमी सांगे.

"खुशाल्याची भिंत गाभन हाये. पाचवा लागला असन. डोहाळजेवन कई करते इचारा त्याले."

दोन दिवसांत ते सगळ्या गावाच्या तोंडी झालं. पोरं खुशालरावाला पाहून पोट पुढं काढून चालू लागली. शकुन मात्र हसत नव्हती. एका संध्याकाळी ती बैलगाडीची दोन जुनी लाकडं ओढत विहिरीकडं घेऊन आली.

"आत्याबाई, टेकू त लावू. माह्या जिवाले चैन नाई."

"त्याच्या भिंतीले आपला टेकू?" दुर्गाबाईचा आवाज चढला. "ठेव थे लाकडं जागच्या जागी. त्याले फुकटात झोप लागू देतं का?"

शकुननं लाकडं टाकून दिली आणि घरात जाऊन भाकऱ्या थापायला बसली. भाकऱ्या थापताना ती एरवी गाणं म्हणे, पण त्या दिवशी म्हणाली नाही.

आणि मग एका सकाळी खुशालराव आला. खरोखरच आला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात ताटली. ताटलीत नारळ, हळद, कुंकू. निरोप सांगायला गडी नाही. फाटकाबाहेर पाच-सहा माणसं पावसात पहारी आणि दोर घेऊन उभी होती. ती त्यानं निंदणीवरून दुप्पट मजुरी कबूल करून ओढून आणली होती. तो ओसरीच्या खाली चिखलात उभा राहिला आणि त्यानं खालच्या आवाजात हाक मारली.

"दुर्गाबाई, हायेत का तुमी?"

तुमी! दुर्गाबाई आत चुलीपाशी होती. तो शब्द तिनं ऐकला आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती सावकाश हात धुऊन, पदर सावरून बाहेर आली. ओसरीवर पाट टाकून बसली. त्याला बस म्हणाली नाही.

"काय गा खुशाल्या, वाट चुकला का?"

"बाई, झालं गेलं जाऊ द्या. भिंत उतरवून घेतो. सहदेवाले सांगावा धाडला हाये, थो आला का सोयरे घालून नवी रचतो. तुमी हळद लावजा. पन आता आधी थे पोट उतरवा लागते, अन् थे तुमच्या बाजूनंच उतरवता येते. मानसं उभी हायेत. तुमी वाडीत येऊ द्या म्हना, का लागले कामाले."

"एवढी काय घाई हाये? छत्री मिट ना आधी. घरात पाऊस नाई पडून राहिला."

तो काही घरात नव्हता, अंगणात होता, आणि पाऊस पडतच होता. खुशालरावानं छत्री मिटली. डोक्यावरच्या मंदिलावरून पाणी त्याच्या नाकावर ओघळू लागलं.

"आता सांग, भिंत कोनाची?"

"दोघांची, बाई."

"नाई ऐकू आलं. त्या दिवशी वडारांसमोर मोठ्यानं बोलला होता म्हने. तसं बोल."

"दोघांची!"

"आत्याबाई," दारातून शकुन म्हणाली, "मानसं उभी हायेत. बोलनं मागून होईन. आत्ता हो म्हना."

"तू मधी नको बोलू. जाय, शेजारच्या चार जनींले बलावून आन. त्यायलेबी ऐकू दे."

शकुन हलली नाही. तेव्हा दुर्गाबाईनं स्वतःच उठून फाटकाकडं जाऊन हाका मारल्या. अशी हाक गावात कोणी वाया जाऊ देत नाही. घोंगड्या पांघरून बाया आल्या, दोघे-तिघे बाप्ये आले, पोरं तर आधीच आली होती. दुर्गाबाई परत पाटावर बसली. तिनं खुशालरावाकडून पुन्हा सगळं वदवून घेतलं: निरोप कोणाबरोबर पाठवला, नारळ का नाही आणला, बाप कसा आला होता, बापानं चप्पल कुठं काढली होती. खुशालराव एकेक उत्तर देत होता आणि मान वळवून पुन्हा पुन्हा विहिरीकडं बघत होता. पहारी घेतलेली माणसं फाटकाबाहेर भिजत होती.

"अन् लहानपनी माह्या वाडीतून काय नेलं होतं? सांग सगळ्यायले."

"बाई, काकडी नेली होती. आता हो म्हना!"

लोक हसले. दुर्गाबाईनं ताटलीतली हळद बोटावर घेतली आणि हो म्हणायला तोंड उघडलं. त्याच वेळी मागून, वाडीच्या कडेनं, कोणी भरलेलं गाडं उलटं केल्यासारखा आवाज आला. लांबलचक आवाज होता तो. एकदा थांबला आणि पुन्हा झाला.

पहिल्या क्षणी दुर्गाबाई खदखदून हसली. हे सगळ्यांनी पाहिलं, आणि पुढं बरेच दिवस सांगितलंही. ती हसली, कारण खुशाल्याची भिंत पडली होती, तीही तो चिखलात उभा असताना, सगळ्या गावासमोर. एवढं मनासारखं कोणाच्या वाट्याला येतं? हसता हसता तिला दिसलं की शकुन पळत सुटली आहे, आणि खुशालरावाकडं नव्हे, भिंतीकडंही नव्हे, विहिरीकडं. मग तिचं हसू थांबलं.

विहीर नव्हती. म्हणजे जागा होती, पण तिथं काळ्या दगडांचा ढीग होता. भिंतीचं पोट सरळ तिच्यात गेलं होतं, जाताना काठ आणि मोट रिकामी व्हायची थारोळी घेऊन गेलं होतं, आणि मागून खुशालरावाच्या अंगणातली फुगलेली माती खाली घसरून दगडांवर बसली होती. मोटेचं एक लाकूड तिरपं वर आलेलं दिसत होतं. दगडांच्या फटींतून गढूळ पाणी बुडबुडत होतं आणि थोड्या वेळानं तेही थांबलं. आता कोणी हसत नव्हतं.

खुशालराव पुढं आला. त्याच्या हातात ताटली तशीच होती, हळदीचा चिखल झालेला. दुर्गाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिला वाटलं, आता हा टोमणा मारेल. तिनं उत्तरही तयार ठेवलं होतं.

"बाई, विहीर मी मोकळी करून देईन," तो म्हणाला. "चार लोकायत बोलतो. काठबी बांधून देतो. पन आत्ता मानूस कोठून आनू? सहदेव गाडीच्या रस्त्यावर हाये, त्याच्या हाताखाली दगड उतरवनारा एकबी इकडे नाई. हे मानसं निंदनीची, यायले विहिरीत उतरता येत नाई. कापूस येचून झाला का बघू. दिवाळीच्या मागून."

तो टोमणा नव्हता, म्हणून तिला उत्तर देता आलं नाही. खुशालरावाचं काय गेलं? कापूस तर त्यानं वैशाखातच अकोल्याला विकला होता, आणि पेरून उरलेली सरकी घरात पडून होती. दगड पडून राहिले तरी त्याचेच राहिले. दुपारपर्यंत त्याच्या माणसांनी भिंतीच्या खिंडारात बोरीचे काटे रचले आणि ती पुन्हा निंदणीला गेली. लोकही पांगले. जाताना एकीनं दुर्गाबाईला विचारलं की उद्या वांगी मिळतील ना. दुर्गाबाईनं तिला काहीच ऐकवलं नाही.

दोघी सासू-सुना ढिगाशी उभ्या होत्या. झड चालूच होती. पाऊस आहे तोवर वाडी हिरवी दिसणार होती. पाऊस गेला की कार्तिकात मिरच्या माना टाकणार, पौषात वांगी वाळणार, आणि दिवाळीनंतर कोणी दगड काढले तरी तोवर वाडीचं वर्ष गेलेलं असणार. विहिरीवाचून, नुसत्या आभाळाच्या पाण्यावर, या काळ्या मातीत दिवाळीपर्यंत तग धरून वर पैसा देणारं पीक एकच होतं, आणि त्याची पेरणी अजून चार-दोन दिवस करता येणार होती. हे दुर्गाबाईला कोणी सांगायला नको होतं. ती माळ्याची बाई होती. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांना मूर्ख म्हटलं होतं आणि त्यात बहुतेक वेळा ती बरोबरच होती. याही वेळी सगळा गाव सांगणार होता की रीतीनं तीच बरोबर होती. त्या बरोबर असण्याचं काय करावं ते तिला कळेना, आणि मग तिला स्वतःचाच असा काही संताप आला की ती ढिगातला एक दगड उचलायला वाकली. दगड जागचा हलला नाही.

"आत्याबाई, आता?" शकुन म्हणाली.

दुर्गाबाईनं हात लुगड्याला पुसले.

"वांगे उपटून टाक," ती म्हणाली. "उद्या सकाळी जाय अन् सरकी घेऊन ये."

"कोनाकडून आनू? गावात उरली कोनाकडे?"

"कोनाकडे उरली थे तुलेबी माईत हाये."

शकुननं विचारलं, "अन् त्यायनं म्हटलं, घरच्या मोठ्या बाईनं यावं, तर?"

"तर मी येतो," दुर्गाबाई म्हणाली.